पश्चिमेची हद्द

आमच्या सायकलच्या गटात मी वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून मार्ग आखायचं काम माझ्याकडे. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्यात उतरायचं की चंदगडवरून तिलारीच्या अंगाला वळायचं, कुठल्या चढावर पोरांची दमछाक होईल, कुठल्या उतारावर ब्रेक तापतील, चहा कुठं बरा मिळतो, हे सगळं मी फोनवरच्या नकाशावर बोटानं रेघ ओढत ठरवतो. पोरं मला ‘सर’ म्हणतात आणि माझ्या रेघेवर डोळे मिटून भरवसा ठेवतात. निपाणीहून वेंगुर्ल्याचा मार्गही मीच आखून दिलाय. संकेश्वरपर्यंत हायवे, तिथून उजवीकडे वळून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, मग घाट उतरून दाणोली, सावंतवाडी आणि शेवटी समुद्र. या मार्गावर मी त्यांच्याबरोबर आंबोलीपर्यंत जातो. घाटाच्या तोंडाशी थांबतो, सगळ्यांचे ब्रेक एकदा तपासून देतो, आणि माघारी फिरतो. ‘सर, गुडघा काय?’ असं कुणीतरी दरवेळी विचारतं. मी म्हणतो, ‘व्हय, गुडघा.’ माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

निपाणीत आम्ही राहायचो त्या गल्लीत मागच्या बाजूला तंबाखूची वखार होती. त्या वासात मी वाढलो. बाहेरगावचा माणूस गल्लीत शिरला की आधी शिंकायचा आणि मग घर विचारायचा. वखारीत चाळण्यांवर बसलेल्या बायका दिवसभर शिंकत, आणि एकीला शिंक आली की बाकीच्या तिच्या नावानं काहीतरी चावट बोलून हसत, ते आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायचं. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि चुलीकडं तोंड करून हसायची. आई चिकोडीकडची. तिचं माहेर कानडी बोलणारं, त्यामुळं राग मराठीत आणि माया कानडीत असा तिचा हिशोब होता. ‘तम्मा, ऊट माडू बा’, लेकरा जेवायला ये, अशी हाक आली की समजायचं, सूर्य वखारीच्या पत्र्याला टेकला. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, पाणी गाळून उकळून प्यायचं, कांदा-लसूण-बटाटा घरात नाही. जोंधळ्याची भाकरी, घेवड्याची आमटी, जिरं घालून कुटलेली शेंगाची चटणी, वर दही. सणाला खपली गव्हाची खीर. आज बेळगावच्या माझ्या घरात आम्ही साडेनऊला टीव्हीसमोर जेवतो, आणि डब्यात लसणीची चटणी असते. त्याचं मला काही वाटत नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आलोय.

माझे वडील, आप्पा, तंबाखूचे पारखी. पान चुरून नाकाजवळ नेलं की ते कुठल्या शिवारातलं, काळ्या रानातलं की माळावरचं, हे ते सांगत. या कामासाठी तरुणपणी ते लांब लांब हिंडले होते, गुजरातेत, आंध्रात, महिना महिना घराबाहेर. माझी आजी गेली तेव्हाही ते कुठल्यातरी लांबच्या स्टेशनावर होते. ते फिरणं मग एकदम थांबलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. सदलग्याच्या बाजूला एका गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता, तिथं आम्ही टेंपोतून गेलो होतो. मांडवात गर्दी. आप्पा हातात नारळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी दिग्व्रत घेतलं. म्हणजे चारी दिशांना आपली हद्द ठरवायची, नदी-डोंगर अशी सगळ्यांना ठाऊक असलेली खूण सांगून, आणि मरेपर्यंत तिच्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही. हव्यासाला कुंपण घालायचं ते असं, पायापासून. आप्पा म्हणाले, ‘उत्तरेला कृष्णा, दक्षिणेला मलप्रभा, पूर्वेला गोकाकचा धबधबा, पश्चिमेला आंबोलीचा घाटमाथा.’ महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. परतताना टेंपोत आईनं बोटांवर चारी दिशा मोजल्या. मग म्हणाली, ‘चिकोडी आत हाय न्हवं?’

‘हाय की.’

‘मग झालं. माझं माहेर आत घेतलंसा, लई उपकार.’

टेंपोतली सगळी माणसं हसली. आप्पाही हसले. त्यांच्या चेहऱ्यावर घर बांधून संपलेल्या माणसासारखं काहीतरी होतं.

लोकांना वाटलं, आता हा माणूस घरात बसणार. झालं उलटंच. हद्द आखल्यावर आप्पांना आतला मुलूख दिसायला लागला. त्यांची काळी चोवीस इंची सायकल होती, मागं रुंद कॅरिअर, पुढं घंटा. स्टँडवरून काढली की ‘खाट्’ असा आवाज यायचा आणि गल्लीतली कुत्री उठून बसायची. रविवार आला की आप्पा निघायचे. दूधगंगेच्या काठाकाठानं उसातून सदलग्याला, कधी चिकोडीचा चढ चढून सासुरवाडीला दह्याचा वाडगा प्यायला, कधी बेळगावच्या वाटेवर अर्ध्यात थांबून परत. मला अर्ध्या पायडलवर सायकल येऊ लागली तसा मीही मागं. ते रस्ता पाठ करायचे. कुठं चढ, कुठं उतार, कुठल्या वळणावर वारा तोंडावर येतो, कुठल्या आंब्याखाली सावली दुपारी कुठल्या बाजूला असते. ‘रस्ता डोळ्यानं न्हाय, मांड्यांनी ध्यानात ठेवायचा,’ असं म्हणायचे. आजही मी नकाशावर चढ मोजतो तेव्हा आधी मांडीत काहीतरी हलतं.

आणि दिवाळी झाली की वर्षातून एकदा आंबोली. शेतकरी जसा आपल्या शेताचा बांध बघून येतो तसे आप्पा आपली पश्चिमेची हद्द बघून यायचे. पहिल्या दिवशी आजऱ्याला मुक्काम, तिथं त्यांचे एक जुने ओळखीचे दुकानदार होते, ते आमच्यासाठी दिवस असतानाच चूल पेटवायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आंबोली. कॅरिअरला आईनं बांधून दिलेल्या दुधातल्या दशम्या, चटणी, गुळाचा खडा आणि फिरकीच्या तांब्यात उकळलेलं पाणी. गडहिंग्लजपासून हिरण्यकेशी नदी आपल्याबरोबर असते, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि जसजसं वर जावं तसतशी ती लहान होत जाते. आप्पा म्हणायचे, ‘आपण म्हातारं व्हत जातोय आनि ती पोरगी व्हत जाती बघ.’

घाटाच्या तोंडाशी, आंबोली गाव मागं पडल्यावर थोड्या अंतरावर एक पांढरा मैलाचा दगड होता. तीच त्यांची खूण. त्याला सायकल टेकवायची, तांब्या उघडायचा, दशमी खायची. पलीकडं रस्ता वळून झाडीत नाहीसा व्हायचा. खालून कोकणातले ट्रक धापा टाकत वर यायचे आणि इंजिनाला श्वास द्यायला तिथंच थांबायचे. आप्पा हटकून ड्रायव्हरांशी बोलायचे. एकदा माशांच्या गाडीचा ड्रायव्हर उतरला. मासळीच्या वासानं मी नाक दाबलं, पण आप्पा जवळ गेले.

‘समुद्राकडनं आलासा?’

‘वेंगुर्ल्यासून.’

‘कसा असतोय समुद्र?’

‘समुद्र?’ ड्रायव्हरनं त्यांच्याकडं खालीवर बघितलं. ‘खारट पाणी ओ, आणखी काय.’

‘त्ये ठावं हाय. आवाज कसा असतोय?’

ड्रायव्हर विचारात पडला. मग म्हणाला, ‘झोपलेल्या रेड्यासारखा.’ आप्पा इतके खूष झाले की दशमीतला अर्धा भाग त्याला दिला. एवढी वर्षं हिंडूनही त्यांनी समुद्र बघितला नव्हता, आणि जिथून तो खाली दिसू शकला असता तिथंच त्यांनी आपलं कुंपण घातलं होतं. मी विचारलं होतं एकदा, हद्द समुद्रापर्यंत का नाही धरली म्हणून. ते म्हणाले, ‘जे बघायची लई इच्छा असती, ते कुंपणाबाहेर ठेवलं तरच कुंपणाला अर्थ हाय न्हवं?’ मला ते तेव्हा पटलं नाही. आता पटतं का, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढं मी कॉलेजसाठी बेळगावला खोली घेऊन राहिलो. वर्गात सांबऱ्याचा मारुती भेटला, शेतकऱ्याचा पोरगा, हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ. त्याच्या चुलतभावानं त्याला गिअरची सायकल दिली होती, आणि तो आणि आणखी दोघंतिघं सुट्टीत कणकुंबीपर्यंत, चोर्ल्यापर्यंत जाऊन यायचे. मलाही एक जुनी गिअरची सायकल मिळाली. मी त्यांच्यात गेलो, पण घाट उतरायची वेळ आली की मला फिरावं लागायचं, कारण आईचा दंडक होता: घाट असला तर आप्पांच्याबरोबर जायचं, आप्पांच्याबरोबर यायचं. आणि आप्पांच्याबरोबर म्हणजे दगडापर्यंत. मारुती म्हणायचा, ‘तुझं आप्पा म्हणजे चेकपोस्ट हाय रं. हिकडची गाडी तिकडं जाऊ देत न्हाईत.’ पोरं हसायची. त्या वयात बापाला कुणी हसलं की राग हसणाऱ्याचा येत नाही, बापाचा येतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर पोरांचं वेंगुर्ल्याला जायचं ठरलं, आणि माझं आप्पांच्याबरोबर दगडाला जायचं ठरलेलंच होतं. दोन्ही एकाच दिवशी आलं. मी आणलं असं म्हणा. पोरं आदल्या दिवशीच घाट उतरून खाली दाणोलीला थांबणार होती. मारुती म्हणाला, ‘म्हाताऱ्याला वर बसीव नि तू ये खाली.’ मी आईकडं विषय काढून बघितला. तिनं चाळणीतून मान वर केली नाही. ‘साकु,’ म्हणाली. म्हणजे पुरे.

आजऱ्याहून निघालो तेव्हा तारे दिसत होते, पण गवसे गाव मागं पडलं आणि धुकं लागलं. आंबोलीच्या जवळ आलो तेव्हा तर पुढचं चाक दिसेना. पानांवरून पाणी टपकत होतं, हँडल ओलं, भुवया ओल्या. आप्पांच्या चष्म्यावर वाफ धरायची. ते थांबून धोतराच्या सोग्यानं पुसायचे, चार पायडल मारले की परत तेच. शेवटी वैतागून चष्मा सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाले, ‘तू फुडं हो. मला आता तुझी पाठ दिसती तेवढं बास हाय. दगड आला की सांग.’

मी पुढं झालो. गावातल्या टपऱ्यांचे दिवे धुक्यात पिवळे पुसट होऊन गेले. मग झाडं, मग काहीच नाही. मी डावी कड धरून चाललो होतो. दगड आला. ओला, पांढरा, खालच्या बाजूला शेवाळ धरलेला, माझ्या हाताच्या अंतरावरून गेला. मी तोंड उघडलं नाही. ठरवून आलो होतो असं म्हणवत नाही. पण गप्प राहायला मला काही जड गेलं नाही, हेही खरं आहे. डोक्यात एवढंच होतं की एकदा हद्द ओलांडली गेली की ती मोडली. मोडलेल्या कुंपणाची राखण कोण करतं? आप्पा हसतील, म्हणतील झालं ते झालं, आणि मग आम्ही दोघंही खाली जाऊ. पोरं भेटतील, आप्पा समुद्राचा आवाज ऐकतील. त्यांच्यासाठीच करतोय असंही क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्यानं मला पुढं ढकललं.

रस्ता उतरायला लागला. माझ्या सायकलीचं फ्रीव्हील किरकिरू लागलं, मागं आप्पांचंही. ते म्हणाले, ‘उतार लागला काय रं?’

‘मधला उतार हाय हो आप्पा. फुडं परत चढ हाय.’

‘हितं चढ हाय?’

‘हाय की. दगड त्याच्या वर हाय.’

मग मागून आवाज आला, अगदी हळू, जणू स्वतःलाच सांगत होते, ‘मी इसरलो म्हणायचं.’

मी मागं वळून बघितलं नाही. त्या माणसाला तो रस्ता मांड्यांनी पाठ होता. त्याचं शरीर त्याला सांगत होतं की हा घाट आहे, आणि मी सांगत होतो की हा घाट नाही, आणि त्यानं मला खरं धरलं. एक वळण, दुसरं वळण. ब्रेकचे रबर ओल्या रिमवर रडत होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पाण्याचा आवाज आला. धबधबा. दिवाळीनंतर तो बारीक होतो, पण धुक्यात त्याचा आवाज मोठा वाटतो. धबधबा दगडाच्या खाली आहे हे आप्पांना आणि मलाही ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकले.

आणि नेमकं तेव्हाच खालचं धुकं फाटलं. दरी उघडी झाली. खाली कोकण होतं, लाल कौलं, माड, भातकापणीनं पिवळी पडलेली खाचरं, त्यांतून जाणारी रस्त्याची रेघ, आणि पार शेवटी, आभाळ संपायच्या जागी, पत्र्यावर ऊन पडावं तशी एक पट्टी. आप्पांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मी त्यांच्याकडं बघत होतो. त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं. हे मी आयुष्यात फार कमी वेळा कुणाच्या चेहऱ्यावर बघितलंय. ते किती वेळ टिकलं सांगता येणार नाही. मग त्यांनी मान फिरवली, पट्टीकडं पाठ केली आणि विचारलं, ‘दगड?’

‘मला दिसला न्हाय, आप्पा.’

‘आनि चढ?’

‘मला वाटलं हुतं, हाय.’

तेव्हा सांगता आलं असतं. ते रागावले असते, एखादवेळी थोबाडीतही बसली असती, आणि सगळं तिथंच त्या वळणावर संपलं असतं. मी सायकलच्या साखळीकडं बघत राहिलो. आप्पांनी चपला काढून कॅरिअरला अडकवल्या आणि अनवाणी सायकल ढकलत घाट चढायला लागले. मी मागं. वाटेत ते एकदाच बोलले. ‘तुझी काय चूक न्हाय. हद्द माझी, ध्यान मी ठेवायचं. मला कळत हुतं उतार हाय म्हणून. तरी मला वाटलं, चढ असंल, आपनच इसरलो.’ दगडापाशी आल्यावर त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, खाली बसले, आणि दशमीचं फडकं सोडलं नाही. आजऱ्यापर्यंत त्यांनी पाणीही घेतलं नाही.

पोरं दुपारपर्यंत दाणोलीला थांबली आणि पुढं गेली. मारुतीनं माझ्यासाठी कागदाच्या पुडीत थोडी वाळू आणली होती. ‘धर, चेकपोस्टवरनं सोडवून आणलीया,’ म्हणाला. मी ती खोलीच्या खिडकीतून बाहेर टाकली. तो मला बरेच दिवस ‘काय झालं ते तरी सांग की रं’ म्हणत होता.

आप्पा महाराजांकडं गेले. मी बरोबर होतो. त्यांनी सगळं सांगितलं, कुठल्या वळणापर्यंत गेलो, काय बघितलं. महाराजांनी शांतपणे सांगितलं की हद्द ध्यानातून जाणं हा या व्रताचा दोष आहे, पण तो व्रतभंग नाही. पाय घसरला तर उठायचं, चिखलात बसून राहायचं नाही. एक उपवास, जप, आणि मन मोकळं करा. मी मागं सतरंजीवर बसलो होतो. मन मोकळं करा हे ते आप्पांना म्हणत होते. आप्पांनी उपवास केला, जप केला, आणि वरून स्वतःच्या मनानं आणखी एक गोष्ट केली. घरी येऊन सायकल पुसली, तेल दिलं, आणि वखारीतल्या एका हमालाला देऊन टाकली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. सायकल काय, आज आहे, उद्या नाही. पण त्या दिवसापासून आप्पांचा स्वतःवरचा भरवसा गेला. आधी कुलूप लावून दोन पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. मग आईला विचारायचे, ‘मी जेवलो न्हवं?’ ती हसायची, ‘आता हात धुतलासा की.’ नंतर तिचं हसणं बंद झालं. वखारीत पान नाकाजवळ नेऊन ते म्हणायला लागले, ‘मला वाटतंय काळ्या रानाचं हाय, पर माझ्यावर इसंबू नका, दुसऱ्याला दावा.’ पारख्यानं असं म्हटल्यावर व्यापारी कशाला थांबतात. हळूहळू पारखीचं सगळं काम माझ्या काकांच्या हाती गेलं. बेळगावात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सतरा प्रश्न विचारले, उलटे आकडे म्हणायला लावले, आप्पांनी सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. बाहेर आल्यावर आप्पा मला म्हणाले, ‘चांगला माणूस हाय. माझं मन राखलं त्यानं.’ मी रिक्षा शोधायला पुढं गेलो.

म्हातारपणी माणूस विसरतो तसे ते विसरले असते, तर मला काही म्हणायचं नव्हतं. ते शेवटपर्यंत काही विसरले नाहीत. आपण विसरतो एवढीच एक गोष्ट त्यांनी पक्की ध्यानात ठेवली होती, आणि ती खोटी होती, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या एका वाक्यानं त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. ते वाक्य लांबही नव्हतं. नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, दर महिन्याला मी निपाणीला जात होतो आणि येत होतो. आधी वाटायचं, ते रागावतील. मग वाटायला लागलं, ते रागावणार नाहीत, आणि त्याची भीती जास्त वाटू लागली.

आमच्यात पर्युषण संपल्यावर क्षमावणीचा दिवस असतो. त्या दिवशी घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, लहानांनी मोठ्यांची आणि मोठ्यांनी लहानांची, हात जोडून क्षमा मागायची. जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरच्यानं म्हणायचं, उत्तम क्षमा. आता हे फोनवर फुलांचं चित्र टाकून होतं. तेव्हा घरोघरी जाऊन व्हायचं, आणि वर्षभर न बोलणारे भाऊही त्या दिवशी एकमेकांच्या पायरीवर उभे दिसायचे. दरवर्षी मी आप्पांच्या पायाला हात लावून हे म्हणत आलो. ‘जाणते-अजाणतेपणी.’ या दोन शब्दांत सगळं मावतं, म्हणून त्यांत लपताही येतं, हे मी त्या वयात शिकलो आणि पुढं चांगलाच तरबेज झालो. माझ्या आवाजात कधी कंपसुद्धा आला नाही. आप्पा डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘उत्तम क्षमा. तू कवा काय केलंयस?’

त्यांच्या शेवटच्या वर्षी क्षमावणीला मी सकाळीच पोचलो. आप्पा पडवीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी वाकायच्या आत त्यांनीच हात जोडले आणि ‘बस’ म्हणाले. मी खाटेच्या कडेवर बसलो. आई उंबऱ्यात खिरीचं भांडं घेऊन उभी होती. गल्लीतली माणसं एकेक करून दाराशी येत होती, त्यांच्या चपलांचा आवाज पायरीवर होत होता.

‘नेहमीचं म्हणायचं न्हाय मला,’ आप्पा म्हणाले. ‘एक गोष्ट हाय. लई वर्षं लागून ऱ्हायलीया.’

‘काय आप्पा?’

‘त्या दिशी आंबोलीला. तुझं मैतर खाली वाट बघत हुतं, व्हय न्हवं? मारुती आनि ती पोरं. मला मागनं आईनं सांगितलं. तुला समुद्राला जायचं हुतं, आनि माझं ध्यान सुटलं. माझ्यापायी तू माघारी आलास. परत तू कवा सायकलनं तिकडं उतरलाच न्हाईस.’ त्यांनी श्वास घेतला. ‘मी तेवढी पट्टी बघितली बघ. माझं झालं. तुझं ऱ्हायलं. मला क्षमा कर.’

त्यांचे जोडलेले हात माझ्या छातीच्या उंचीवर होते. नखं स्वच्छ कापलेली. डाव्या तर्जनीवर पानं चुरून चुरून पडलेला पिवळा डाग, काम सुटून इतकी वर्षं झाली तरी गेला नव्हता. मी तोंड उघडलं. ते वाक्य तिथं होतं, जिभेवर, पहिला शब्दसुद्धा ठरलेला होता. ‘आप्पा, दगड’. दारातून शेजारचे अण्णा म्हणाले, ‘काय रं, बापाला ताटकळत ठेवतोस व्हय?’ माणसं हसली. आई म्हणाली, ‘हेळप्पा, तम्मा.’ सांग रे बाळा. आप्पा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली यायला लागले होते. वय झालं होतं, फार वेळ उचलून धरता येत नव्हते.

मी त्यांचे हात माझ्या हातांत घेऊन खाली ठेवले.

‘उत्तम क्षमा, आप्पा,’ मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि आईला म्हणाले, ‘आन आता खीर.’